पारखीबाईंच्या जिभेची आग

पारखीबाई आल्या तेव्हा मास्तर नुकतेच कपांत चहा ओतत होते. बाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच एक कप उचलला, वाफाळता घोट जोरात भुरका मारून आत ओढला, तोंडात इकडून तिकडे खेळवला आणि निकाल दिला.

"पाणी एकदा उकळून गार झालं होतं, तेच पुन्हा तापवलंत. पत्ती मात्र चांगली आहे, बिचारी."

मास्तर ओशाळले. उभी हयात भूगोल शिकवण्यात गेली होती, पण त्यांच्या चहाचा असा नकाशा आजवर कुणी काढून दाखवला नव्हता.

टेबलापलीकडे अक्का हसल्या. अक्का वयाने मास्तरांपेक्षा लहान, पण सगळा बाजार त्यांना अक्काच म्हणायचा. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे नोकरी सोडून त्यांनी खाजगी तपासाची ही कचेरी थाटली. शेजारी राहणारे मास्तर निवृत्त झाल्यावर सहज म्हणून मदतीला आले आणि कायमचेच चिकटले.

"बोला बाई," अक्का म्हणाल्या.

"मला कुणीतरी विष घालतंय. कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

त्यांनी तो गरम चहा घोटाघोटाने संपवला, पर्समधून च्युइंगम काढून तोंडात टाकलं आणि मग सांगायला लागल्या.

त्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या चहाच्या पेढीत मुख्य पारखी होत्या. कुठला माल घ्यायचा, कुठली पत्ती कशात मिसळायची, भाव काय लावायचा, सगळं त्यांच्या जिभेवर ठरायचं. गेल्या वर्षापासून त्याच जिभेची आग होत होती.

"कशी आग?"

"सकाळी उठते तेव्हा काही नसतं. दुपारपासून चढत जातं. संध्याकाळी जिभेचं टोक, ओठ, टाळू, सगळं भाजून निघतं. आणि तोंडात एक घाण चव, जुनं नाणं चोखल्यासारखी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तोंड स्वच्छ, रक्त स्वच्छ. ना फोड, ना जखम. शेवटचा डॉक्टर म्हणाला, बाई, हे सगळं तुमच्या मनाचं आहे." पारखीबाईंची मान ताठच होती. "हे पेढीत कळलं. मॅनेजरने लगेच फर्मान काढलं, की डोक्याच्या डॉक्टरचा दाखला आणा, तोवर चवीच्या टेबलावर बसायचं नाही. म्हणजे मी वेडी! आणि त्याच दिवशी दुपारी माझ्या पाण्याच्या बाटलीत हे सापडलं."

बाटली साध्या काचेची, पारदर्शक. आत पाणी, आणि पाण्यावर लालभडक तेलकट तवंग. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत होता. मिरचीचा अर्क, चांगलाच कडक.

"तुम्ही प्यायलात?"

"छे. हातही लावला नव्हता. जेवून परत आल्यावर मी सामान आवरत पाठमोरी होते. धाकटी पार त्या टोकाहून ओरडली, 'बाई, ते पाणी पिऊ नका!' मग वळून पाहिलं."

धाकटी म्हणजे पेढीतली दुसरी पारखी. वय चाळिशीला टेकलेलं, पण आल्यापासूनचं नाव तेच राहिलं. ती कचेरीत टंकलेखिका होती. पारखीबाईंनी तिला हेरलं, शिकवलं, टेबलावर बसवलं.

"आणि तुमचा संशय तिच्यावरच?"

"माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळणार? मी घडवलं तिला, अक्का. आता पकडली जाईन या भीतीने स्वतःच बोंब ठोकली. मी पोलिसांतच जाणार होते, यजमानांनी थांबवलं. चहाचा लिलाव तोंडावर आलाय. त्याच्या आत मला निकाल हवा."

बोलता बोलता त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला, जीभ बाहेर काढून कडा पाहिल्या आणि आरसा परत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढला. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसावं.

त्या गेल्यावर मास्तर म्हणाले, "सरळ आहे. खुर्चीसाठी केलंय. रोज थोडं थोडं घालत होती, एक दिवस हात सैल सुटला."

"असेल," अक्का म्हणाल्या. "पण मास्तर, ज्या तोंडात आग पेटली आहे त्या तोंडाने तुमचा कढत चहा इतक्या सुखाने कसा प्यायला?"

मास्तरांना वाटलं, हा चहाला मारलेला दुसरा टोमणा असावा. ते कप गोळा करायला लागले.

*

चवीची खोली मास्तरांना फार आवडली. उंच खिडक्या, भिंतीला पांढरा रंग, मधोमध लांबलचक टेबल. टेबलावर पांढऱ्या कपांची रांग आणि प्रत्येक कपामागे पत्तीची डबी. फुलांचा वास नको म्हणून बाहेरच्या अंगणात एक रोपटंसुद्धा नव्हतं. दारावर पाटी होती: अत्तर, तंबाखू, मसाले आत आणू नयेत.

मॅनेजर घाईत होते. घाई हा त्यांचा स्वभावच असावा.

"मला बाईंबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण पेढीचं सगळं नाव एका जिभेवर उभं आहे. ती जीभच भ्रमिष्ट झाली तर मी काय करायचं? गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर?"

"बाटली सापडली त्या दुपारी तुम्ही इथे होतात?"

"होतो ना! एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन आलो, तर टेबल रिकामं! सगळे कप झाकणं घालून पार त्या कोपऱ्यातल्या खिडकीत नेऊन मांडलेले. माझी शोभा झाली. त्यांना खाली बसवून परत येतो तो ही बाटलीची आरडाओरड."

"कप कोणी हलवले?"

"कोण कबूल करतंय! इथे सफाईवाल्यापासून सगळ्यांची ये-जा. बाईंचे यजमानही दुपारी डबा घेऊन येतात."

"आणि धाकटी?"

"ती रडत होती. डावा डोळा सुजून लालबुंद झाला होता. नंतर एक-दोन दिवस चव घ्यायलाही बसली नाही, सर्दी झाली म्हणे. ऐन लिलावाच्या तोंडावर दोघीही खाली! सांगा, पेढी कशी चालवायची?"

"एक शेवटचं. गेल्या वर्षभरात बाईंनी पारख केलेला किती माल गिऱ्हाइकांनी नावं ठेवून परत पाठवला?"

मॅनेजर पहिल्यांदाच थांबले. "तसा... नाही आला परत," ते म्हणाले.

जिना उतरताना मास्तर कुजबुजले, "हाच तो. बाईंना वेडं ठरवून घरी बसवायचं याच्या मनात आहे."

"मग यानेच बाटलीत मिरची कशाला घालावी? मिरची सापडल्यावर बाई वेड्या ठरतात की शहाण्या?"

मास्तर एक पायरी चुकले.

*

पारखीबाईंचे यजमान चष्मे बनवायचे. दुकान छोटं, काचा पुसून पुसून लखलखीत केलेल्या. माणूसही तसाच, स्वच्छ आणि कमी बोलणारा.

"बाटली मीच भरतो रोज," ते आपणहून म्हणाले. "त्यामुळे संशय घ्यायचाच तर आधी माझ्यावर घ्या."

"त्या दिवशी भरलीत तेव्हा?"

"नितळ पाणी. काचेतून पाहण्यातच माझा जन्म गेलाय हो. तवंग माझ्या नजरेतून सुटला नसता. हिने टेबलावर ठेवलेली बाटली मी डबा द्यायला गेलो तेव्हाही पाहिली. स्वच्छ होती."

"हे सुरू कधी झालं?"

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. "हिची थोरली बहीण गेली त्यानंतर. तोंडाचा कर्करोग. शेवटपर्यंत ही तिच्या उशाशी होती. परत आली ती डोळ्यांतून टिपूस न काढता कामावर. मी म्हटलं, अगं, चार दिवस घरी राहा. तर म्हणाली, माझी जीभ थांबली तर पेढी थांबेल. तेव्हापासून तो आरसा. रात्री रेडिओ लावायची, तो बंद. हसणं बंद. मैत्रिणींकडे जाणं बंद."

"आणि आग?"

"संध्याकाळी फार. बर्फ चोखत बसते. जेवायला बसली की मात्र बरी असते. खात असते तोवर चेहरा अगदी खुलतो. म्हणून मी सारखं काहीतरी तिच्यापुढे ठेवतो. लोकांना वाटतं, म्हातारा बायकोचे लाड करतोय."

अक्का उठल्या. त्या दिवशी त्यांनी मास्तरांना घरी पाठवलं आणि स्वतः एकट्याच कुठेतरी गेल्या. मास्तरांना याचा थोडा राग आला. मग कपाटातून जुना तक्ता काढून त्यांनी संशयितांची नावं मांडली, आणि शेवटी यजमानांच्या नावाखाली जाड रेघ ओढली. बाटली भरणारा तो, डबा देणारा तो. मास्तर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

*

धाकटी मात्र बोलेनाच. हात मांडीवर घट्ट धरून ती समोर बसली होती.

"तुम्हाला बाईंची खुर्ची हवी होती?" अक्कांनी विचारलं.

"ती खुर्ची बाईंची आहे."

"बाईंनी तुमच्यावर आळ घेतलाय, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग तुम्ही काहीच का म्हणत नाही?"

"मला पोलिसांत दिलंत तरी चालेल." धाकटीचे डोळे भरून आले, पण स्वर खणखणीत होता. "फक्त एक ऐकून ठेवा. बाईंना वेड लागलेलं नाही. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांचं तोंड खरंच जळतं. रोज संध्याकाळी मी बघते. हे ज्याला खोटं वाटतं त्याने माझ्याशी बोलूच नये."

बाहेर आल्यावर मास्तर गोंधळून म्हणाले, "ही तर जवळजवळ कबुलीच झाली. म्हणजे यजमान नव्हेत?"

"उद्या सकाळी सगळ्यांना चवीच्या खोलीत बोलवा," अक्का म्हणाल्या. "आणि मास्तर, उद्या अत्तर लावून येऊ नका."

*

सकाळच्या उजेडात टेबल लखलखत होतं. पारखीबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, यजमान मागे उभे. मॅनेजर घड्याळ बघत होते. धाकटी दाराशी होती.

"या प्रकरणात सगळ्यांनी एकच चूक केली," अक्कांनी सुरुवात केली. "मीसुद्धा करणारच होते. आग आणि बाटली, ही दोन वेगळी गाठोडी आपण एकाच दोरीने बांधली. आधी आग घेऊ. बाई, तुमची आग सकाळी नसते, दिवसभर चढते आणि खाताना उतरते. बरोबर?"

"बरोबर."

"पहिल्या दिवशी तुम्ही कढत चहा सुखाने प्यायलात आणि लगेच च्युइंगम चघळायला लागलात. तोंडात जखम किंवा तिखट औषध असतं, तर गरम घोटाने जीव कासावीस झाला असता. इथे तर उलटं आहे. जेवताना तुमचा चेहरा खुलतो, असं यजमान सांगतात. जे विष अन्नपाण्यातून येतं, ते अन्नपाण्यानेच शमेल कसं?"

अक्का टेबलाजवळ आल्या.

"मी डॉक्टर नाही. म्हणून तोंडाच्या विकारांच्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उरलेली लक्षणं सांगितली. धातूची चवसुद्धा. हा आजार त्यांच्या पाहण्यात आहे, या वयाच्या बायकांत जास्त. तोंड वरून निरोगी दिसतं, पण आतल्या नसा आगीची खोटी वर्दी देत राहतात. वर्दी खोटी असली तरी वेदना खरी असते."

"म्हणजे शेवटी मनाचंच ना?" मॅनेजर म्हणाले.

"मन यात आहेच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "असे पुष्कळ रुग्ण चिंतेने किंवा उदासीने पोखरलेले असतात. कुणाला उदासी आधी येते, कुणाला या आगीनेच येते. कशाने काय झालं हे दरवेळी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. बाई, तुमची बहीण गेली. तुम्ही रडला नाहीत, थांबला नाहीत. तुम्ही फक्त आरसा घेतलात. तिला झालं ते आपल्या तोंडात उगवतंय का, हे रोज पाहत राहिलात."

पारखीबाईंचा हात पर्सवर होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

"यात वेड कुठे आलं, साहेब? हे दुःख आहे. त्यालाही उपचार असतात, जसे नसांना असतात. दोन्हींवर एकदम काम करावं लागतं. पक्कं निदान डॉक्टरबाई करतील. मी वेळ घेऊन ठेवली आहे."

"आणि बाटली?" मास्तरांना राहवेना.

"बाटलीकडे नीट बघा. काच पारदर्शक, तवंग लालभडक. हे विष लपवायला घातलंच नव्हतं, सापडावं म्हणूनच घातलं होतं. आणि बाईंनी हात लावायच्या आधीच कुणीतरी खोलीच्या त्या टोकाहून ओरडलं. मग सापडून फायदा कोणाचा? मॅनेजरसाहेबांना बाई आजारी ठरायला हव्या होत्या, त्यांच्यासाठी ही बाटली म्हणजे गळ्यात धोंड. जिला खुर्ची मिळाली असती, तिचाही तोटाच. फायदा फक्त बाईंचा. फर्मान सकाळी निघालं, बाटली दुपारी सापडली आणि बाई वेड्याच्या शहाण्या ठरल्या."

"मी स्वतः घातली म्हणता?" पारखीबाई कडाडल्या.

"नाही. तुम्ही पाठमोऱ्या होतात आणि खरोखर दचकलात. दुसरं असं, की बाटलीत अर्क घालण्याआधी कुणीतरी सगळे कप झाकून लांबच्या खिडकीत नेले. का? मिरचीचा वास नमुन्यांना लागू नये म्हणून. एवढी काळजी कोण घेईल? साहेबांची तर त्यामुळे शोभा झाली. यजमानांनी नमुन्यांना कधी हात लावलेला नाही. ते काम पारख्याचंच. कितीही घाईत असला तरी पारखी चहा नासू देणार नाही."

मास्तरांची मान आपोआप दाराकडे वळली.

"रडून लाल होतात ते दोन्ही डोळे," अक्का म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं, डावाच डोळा सुजला होता. मिरचीचं बोट चुकून डोळ्याला लागलं. आणि बोटांची मिरची सहजी धुऊन जात नाही, म्हणून सर्दीचं निमित्त सांगून टेबलापासून दूर राहणं. धाकटी, आता बोला."

धाकटी पुढे आली.

"शिपाई हसत होते," ती म्हणाली. "'चहाबाईंचं डोकं फिरलं' म्हणत होते. ज्यांनी मला पाण्याची चव ओळखायला शिकवलं, त्यांना. मला वाटलं, एकदा काहीतरी सापडलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. बाईंनी माझंच नाव घेतलं तेव्हा... खरं सांगितलं असतं तर त्या पुन्हा वेड्या ठरल्या असत्या. म्हणून गप्प बसले."

पारखीबाई उठल्या. धाकटीच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता मिठी मारतील. पारखीबाईंचा स्वर मात्र कपाची कड तडकावी तसा आला.

"माझ्या खोलीत मिरची आणलीस?"

"कप झाकले होते, बाई."

"आणि पत्तीच्या डब्या?"

"त्या आधी हलवल्या. ओला कपडा घालून."

"खिडकी?"

"बाटलीजवळची उघडली होती. वारा बाहेर जाणारा होता. आधी पाहिलं."

पारखीबाईंचा कडक चेहरा हळूहळू ढिला पडला. बहिणीच्या उशाशी जे अडलं होतं ते इतक्या दिवसांनी आता डोळ्यांतून वाहायला लागलं. यजमान पुढे सरकले, पण त्यांना हाताने थांबवून त्या रडत रडतच मॅनेजरांकडे वळल्या. मान अजूनही ताठ होती.

"बघितलंत, साहेब? खोटेपणा करतानासुद्धा हिने चहा सांभाळला. ही मी घडवली आहे. आणि तुम्ही मला विचारता, पेढी कशी चालवायची! गेलं वर्षभर जळत्या जिभेने पारख केली मी. एक पेटी परत आली?"

"नाही आली, बाई," मॅनेजर म्हणाले. मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी बाईंची खुर्ची टेबलाकडे सरकवली. "फर्मान मी मागे घेतो. ते काढायलाच नको होतं."

पारखीबाईंनी धाकटीला हात धरून जवळ ओढलं. "तुझ्यावर आळ घेतला ते माझं चुकलं. पण मिरचीबद्दल महिनाभर बोलणी खाशील."

"खाईन," धाकटी म्हणाली आणि हमसून हमसून रडली. या खेपेला दोन्ही डोळे लाल झाले.

*

लिलावाला अक्कांनी मास्तरांना मुद्दाम नेलं. सभागृह व्यापाऱ्यांनी भरलं होतं. पारखीबाई पेढीच्या टेबलाशी उभ्या होत्या, शेजारी धाकटी. डॉक्टरबाईंचे उपचार सुरू झाले होते. आठवड्यातून एकदा पारखीबाई मनाच्या डॉक्टरांकडेही जात होत्या, बहिणीबद्दल बोलायला. आग गेली नव्हती, पण काही संध्याकाळी आता रेडिओ लागत होता.

एका जाडजूड व्यापाऱ्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "काय बाई, तब्येत कशी आहे? बाजारात काहीबाही ऐकू येतं."

माना वळल्या. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का निवांत होत्या.

"बरोबर ऐकलंत," पारखीबाई म्हणाल्या, आवाज जराही न उतरवता. "तोंडाची आग होते. नसांचा आजार आहे. मनाचंही औषध चालू आहे, उपयोग होतोय. तुमच्या घरी कुणाला असलं काही असेल तर डॉक्टरबाईंचा पत्ता देते, लाजू नका. आणि आता हा चहा. यापेक्षा सरस पत्ती यंदा या सभागृहात येणार नाही. हे माझी जीभ सांगते आहे. कुणाची हरकत?"

कुणाचीही नव्हती. त्या व्यापाऱ्यानेच पहिली बोली लावली. मास्तर टाळ्या वाजवायला उठले. लिलावात टाळ्या वाजवत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण धाकटीही उठली, आणि मग खालच्या रांगांतून एकेक जण उठत गेला.